गांध, गांधीलमाशी आणि जांभळे दाणे

ओजसनं पडवीच्या वाशाखालच्या पोळ्यावर चेंडू मारला आणि एका गांधीलमाशीनं त्याचा वचपा त्याच्या मनगटावर काढला. आजीनं आधी दाराच्या किल्लीचं लोखंड घासलं, मग आमसुलाचं पाणी लावलं. मी रुमालात बर्फ बांधून दिला. तासाभरात ठणका उतरला तेव्हा गुण कशाचा यावरून आम्हा दोघांत थोडी वादावादी झाली. सूज मात्र तशीच होती, तळलेल्या पुरीसारखी टम्म.

मुक्ता ती निरखत बसली होती. ती अकरा वर्षांची आहे आणि एखादी गोष्ट पटली नाही की जेवणावर तिचं लक्ष नसतं.

“आबा, माशीची नांगी केवढीशी, त्यातलं विष केवढंसं. मग सूज एवढी कशी?”

“कारण अर्धीअधिक सूज माशीनं आणलेलीच नाही. ती ओजसनं स्वतः तयार केलीय.”

ओजसनं रडणं थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं घाईनं सांगून टाकलं.

आपल्या कातडीखाली, रक्ताच्या बारीक नळ्यांच्या कडेनं, आतड्याच्या अस्तरात, नाकात, श्वासनळीत, म्हणजे बाहेरचं जग जिथं जिथं आपल्याला शिवतं तिथं तिथं, एक पेशी ठाण मांडून असते. जन्म हाडांच्या मगजात, पण मोठी होते ती आपल्या नेमणुकीच्या जागी येऊन. तिचं नाव मास्ट पेशी.

“मस्त पेशी?” ओजस.

मस्त म्हण हवं तर. दिसते राजगिऱ्याच्या लाडवासारखी. आत शेकडो बारीक दाणे ठासून भरलेले आणि दाण्यांत औषधांच्या दुकानाइतका माल: हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज. पेशी चिडली की हे दाणे बाहेर उधळते. हिस्टामिन लागलं की जवळच्या रक्तनळ्या सैल पडतात, झिरपायला लागतात, आणि कातडी फुगते. ती गांध. गांधीलमाशी तर या कामात पटाईत आहे. तिच्या विषात मास्टोपॅरान नावाचा एक पदार्थ असतो, तो थेट मास्ट पेशीचीच कडी काढतो. नावातसुद्धा मास्ट आहे बघ. आपल्या भाषेनंही या दोघींना शेजारी बसवलंय: अंगावर उठते ती गांध आणि उठवते ती गांधील.

“मग ही पेशी वाईटच,” ओजसनं निकाल दिला.

तसं नाही. 2006 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला. काही उंदरांना मास्ट पेशीच नव्हत्या. सगळ्यांना सापाचं आणि मधमाशीचं विष टोचलं, तर बिनमास्टवाल्यांचेच जास्त हाल झाले. दाण्यांतली पाचकद्रव्यं विषाचे तुकडे करतात असं निघालं. म्हणजे आग लागली की बंबवाला येतो, दार फोडतो, घरभर पाणी करतो. आपण पाणी बघतो आणि बंबवाल्याला शिव्या घालतो.

पण समजा गावात गरजेपेक्षा दसपट बंब झाले, आणि प्रत्येक बंबाची घंटा अडकून वाजतच राहिली, तर? ही गोष्ट त्याची आहे.

मी घाटावरच्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर मंडळी माणसाचा तुकडा बाटलीत घालून पाठवायची, आम्ही तो मेणात बसवायचा, सोलून सोलून कागदाहून कितीतरी पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना आपल्याच बाजूचा एक आंबेवाला तिथं आला. चाळिशीचा, काटक माणूस. कलमावर झेला घेऊन चढलेला असताना त्याला एक गांधीलमाशी चावली. एकच. हा जेमतेम खाली उतरला आणि झाडाच्या बुंध्याशी कोसळला. अंग गार, नाडी लागेना. अंगावर गांध एकसुद्धा नाही. नीट लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गावात कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, एकदा देवळात कौलही लावून झाला. तालुक्याला हृदयाचे कागद काढले, ते स्वच्छ. मेंदूचे काढले, तेही स्वच्छ. मध्येच कधी गरम पाण्यानं आंघोळ केली की चेहरा लालबुंद व्हायचा, पोट मुरडायचं, जुलाब व्हायचे. चारचौघांत तोंड असं लाल झालं की लोक काय समजतात, ते त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं. तो थेंबालाही शिवत नव्हता.

शोध लागला तो खाजेमुळे. खाज घेऊन तो कातडीच्या ओपीडीत बसला होता, आणि नुकतीच शिकायला लागलेली एक डॉक्टर मुलगी त्याला तपासत होती. मांड्यांवर आणि पोटावर मसुराच्या डाळीएवढे तांबूस तपकिरी ठिपके होते. पंधराएक वर्षांपासूनचे. तो त्यांना तीळ म्हणायचा, बायको वांग म्हणायची, आणि खाज सुटली की दोघंही पित्त म्हणायचे. हे आमसुलाचं पाणी त्यानंही पुष्कळ चोळलं होतं.

त्या मुलीनं पेन उलटं धरलं. बोथट टोकानं एका ठिपक्यावर चार-पाच वेळा घासलं. मग बाजूच्या कोऱ्या कातडीवर तेवढ्याच जोरानं घासलं. आणि हातातल्या घड्याळाकडे बघत गप्प बसली. बाहेर पन्नास लोकांची रांग होती, तिचे वरिष्ठ दोनदा डोकावून गेले, तरी ती बसून राहिली.

“किती वेळ?” मुक्ता.

चार-पाच मिनिटं. ओपीडीत ती फार होतात गं. तेवढ्यात ठिपका लाल झाला, भोवती कडं आलं आणि मधोमध तो कातडीच्या वर उचलला गेला. शेजारची कोरी कातडी सपाटच.

“ती कशाला घासली पण?”

कारण काहींची कातडीच हळवी असते. नखानं रेघ ओढली की रेघेरेघेनं फुगते, त्यांच्या पाठीवर नावसुद्धा लिहिता येतं. तसा माणूस असता तर दोन्हीकडे फुगलं असतं. इथं ठिपकाच तेवढा फुगला, म्हणजे माल ठिपक्यात आहे. या खुणेला दारिए यांची खूण म्हणतात, ते पॅरिसचे मोठे त्वचातज्ज्ञ होते. एक ताकीदही देतो. तान्ह्या बाळाच्या अंगावर अशी एखादी मोठी गाठ असेल तर उत्साहानं घासायची नसते, इतका माल एकदम सुटतो की बाळाचा रक्तदाब उतरू शकतो.

दुपारी ती मुलगी स्वतः जिना उतरून आमच्याकडे बाटली घेऊन आली. एरवी बाटल्या शिपाई आणायचा. आत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. फॉर्मवर शंका लिहिली होती, ‘मास्टोसायटोसिस?’, आणि खाली, ‘कृपया टोल्युडिन ब्लू करावे’. त्या शेवटच्या ओळीसाठी मी तिला मनात शंभर मार्क दिले.

कारण असं, की आमचा रोजचा रंग गुलाबी-निळ्याचा. त्यात मास्ट पेशी दिसते, पण ओळखू येत नाही. लग्नाच्या पंगतीत पांढरा सदरा घातलेला माणूस कसा शोधाल? तुम्हाला आधीच शंका असेल, तरच तुम्ही वेगळा रंग मागता, आणि वेगळा रंग मागितला तरच शंका खरी ठरते. कितीतरी रोग या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत पडून राहतात.

टोल्युडिन ब्लू म्हणजे साधा निळा रंग. शाईसारखा. काच त्यात बुडवली, धुतली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सगळीकडे निळं. पेशींची केंद्रकं निळी, तंतू फिकट निळे. आणि मधेच, रक्तनळ्यांच्या भोवती, थवेच्या थवे लालसर जांभळे. पिकत आलेल्या जांभळाचा जो रंग असतो ना, तो. मी भिंग वाढवलं तर एकेका पेशीतले दाणे दिसायला लागले, काहींचे दाणे बाहेर सांडलेले. मी सरांना हाक मारली. सर जेवायला बसले होते, डबा तसाच टाकून आले.

ओजसला हे काही पटलं नाही. “पण तुम्ही तर निळा रंग घातलात!”

इथंच तर गंमत आहे. जांभळा रंग मी घातलाच नव्हता. दाण्यांत हेपॅरिन असतं, त्याच्या अंगावर विजेचे ऋण भार अगदी खेटून खेटून असतात. रंगाचे कण त्या भारांना जाऊन चिकटतात आणि एसटीतल्या उभ्या प्रवाशांसारखे एकमेकांना रेटून बसतात. सुटे असताना ते निळे दिसतात, दाटीवाटीत जांभळे. रंग तोच, बसायची तऱ्हा बदलली. पेशी जणू आपलं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून देते.

हे पहिल्यांदा ज्याला दिसलं, तो चोवीस वर्षांचा पोरगा होता. पॉल एर्लिख, जर्मनीतला. तेव्हा कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग काढायची लाट आलेली होती. ती सुरू झाली तीही एका फसलेल्या प्रयोगातून: 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनाइन बनवायला गेला आणि भांड्यात जांभळा रंग उरला. कापडवाले खूश झाले. एर्लिखनं तेच रंग कापडाऐवजी शरीराच्या कापांवर टाकले, आणि 1878 साली लाइपझिगला दिलेल्या प्रबंधात या दाणेदार पेशीला नाव दिलं. जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावराला खुराक घालून पोसणं. त्याला वाटलं, दाणे म्हणजे खाल्लेलं अन्न, ही पेशी चांगली पोसलेली आहे. चूक होती ती. दाणे खाल्लेले नसून साठवलेले, आणि पोटासाठी नसून लढाईसाठी. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडे लहानपणी पडलेलं टोपणनाव पन्नाशीतही सुटत नाही, तसं. एर्लिखला पुढे 1908 साली नोबेल मिळालं, ते रोगप्रतिकाराच्याच कामासाठी.

आता दुसरं टोक. 1869 साली लंडनमध्ये एडवर्ड नेटलशिप या डॉक्टरांनी एका लहान मुलीची हकिगत छापली: अंगावर गांधी उठतात, महिनोन् महिने हटत नाहीत, आणि मागे तपकिरी डाग ठेवतात. त्या रोगाला ‘अर्टिकॅरिया पिग्मेंटोसा’ हे नाव दिलं लंडनच्याच अल्फ्रेड सँग्स्टर यांनी. कोणत्या साली, मुक्ता?

“मला काय माहीत?”

1878. त्याच वर्षी! लाइपझिगला एक पोरगा पेशीचं बारसं करतोय, लंडनला एक डॉक्टर डागांचं बारसं करतोय, आणि दोघांच्या हातात एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत याचा दोघांनाही पत्ता नाही. ती टोकं बांधली हँबर्गच्या पॉल उन्ना यांनी. त्यांनी अशाच डागाचा तुकडा काढून रंगवला, तर आत एर्लिखची पेशी खच्चून भरलेली. ते साल 1887. मधे नऊ वर्षं गेली. त्या दाण्यांतच हिस्टामिन असतं हे कळायला तर 1953 उजाडलं, स्कॉटलंडच्या डंडीमधल्या रायली आणि वेस्ट या जोडीनं ते दाखवलं.

आमच्या आंबेवाल्याचंही तेच झालं होतं. कोसळण्याचे कागद हृदयवाल्यांकडे, जुलाबाचे पोटवाल्यांकडे, ठिपके कुणाच्याच कागदावर नाहीत. त्या मुलीनं सगळ्या फायली टेबलावर पसरल्या तेव्हा त्यात आणखी एक निघाली: दोन वर्षांपूर्वी आंब्याची पेटी उचलताना पाठीचा एक मणका दबला होता. चाळिशीच्या, रोज मेहनत करणाऱ्या गड्याचा मणका पेटीनं दबत नाही. पण मगजात मास्ट पेशींची गर्दी झाली की हाडं पोकळ होत जातात.

म्हणून मग पुढची तपासणी मगजाची. मोठ्या माणसाच्या कातडीवर हे ठिपके दिसले की आतही असतील असंच धरून चालतात. लहान मुलांत तसं नसतं. त्यांना हे बहुतेक पहिल्या दोन वर्षांत होतं, कातडीपुरतं राहतं आणि पुष्कळांचं वयात येता येता विरून जातं, त्यामुळे त्यांच्या हाडात सहसा सुई घालत नाहीत. आंबेवाल्याच्या कमरेच्या मागच्या हाडातून एक बारीक काडी आणि थोडा पातळ मगज काढला. काडी हाडाची, सुरीला दाद न देणारी, म्हणून आम्ही ती आधी आम्लात मुरवून मऊ करायचो. पण आम्लानं जनुकांची नासाडी होते. त्यामुळे जनुकाची तपासणी करायची तर पातळ मगज वेगळा ठेवायचा, हे जो विसरला त्याला पेशंटच्या हाडात दुसऱ्यांदा सुई घालायला लावायची वेळ येते. मी विसरलो नव्हतो. (माझ्या फुशारकीची एवढीच एक जागा आहे, तेव्हा ऐकून घ्या.)

मगजात काय शोधायचं याचा नियम ठरलेला आहे. पंधरा किंवा जास्त मास्ट पेशी एका ठिकाणी दाटून बसलेल्या, असे गठ्ठे अनेक ठिकाणी दिसले, तर तो मोठा पुरावा. मग छोटे पुरावे. पेशी गोल असायच्या सोडून चातीसारख्या दोन्हीकडे निमुळत्या झाल्यात का, चौथ्या हिश्श्याहून जास्त तशा आहेत का. त्यांच्या अंगावर ‘सीडी-25’ नावाची खूण आहे का, जी भल्या मास्ट पेशीवर नसते. किट नावाच्या जनुकात तो ठरावीक बिघाड आहे का. आणि रक्तातलं ट्रिप्टेज एरवीसुद्धा, म्हणजे झटका नसतानाही, मिलिलिटरला वीस नॅनोग्रॅमच्या वर आहे का. मोठा पुरावा आणि एक छोटा, किंवा नुसते छोटे तीन, एवढं जुळलं तर निदान पक्कं.

“ट्रिप्टेज वीसच्या वर म्हणजे झालंच की,” मुक्ता म्हणाली.

नाही ना. काही घराण्यांत ट्रिप्टेजच्या जनुकाच्या प्रतीच जास्त असतात, त्यांचं वाढलेलंच असतं, आणि त्यांना हा रोग असतोच असं नाही. उलट आकडा वीसच्या खाली असूनही रोग असू शकतो. आकडा एकटा साक्षीला उभा करायचा नसतो. तो खरा बोलतो झटक्याच्या वेळी. माणूस कोसळला की एक ते चार तासांच्या आत रक्त घ्यायचं, मग सगळं निवल्यावर, निदान एक दिवस सोडून, पुन्हा घ्यायचं. निवांतपणीचा आकडा घे, त्यात त्याचा पाचवा हिस्सा मिळव, वर दोन मिळव. झटक्यातला आकडा तेवढा किंवा त्याच्या वर गेला, तर समज की दाणे उधळले होते. निवांत असताना दहा असेल तर?

तिनं बोटांवर केलं. “दहा, दोन, बारा... चौदा.”

बरोबर. पण कोसळलेल्या माणसाला सलाइन लावायच्या गडबडीत ती नळी कुणाला आठवत नाही. आंबेवाल्याचीही दोन्ही वेळा घेतली नव्हती.

जनुकाच्या बिघाडाचं सांगायचं राहिलं. किट हे मास्ट पेशीच्या दारावरचं बटण. शरीराला नवीन पेशी हव्या असल्या की ते दाबलं जातं, काम झालं की सुटतं. त्या बटणाच्या साखळीत 816व्या जागी एक मणी बदलतो, ॲस्पार्टिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि बटण दाबलेलंच राहतं. मोठ्या माणसांच्या या रोगात दहांतल्या नऊपेक्षा जास्त जणांत हाच एक मणी बदललेला सापडतो. एवढ्या मोठ्या साखळीतला एक! आईबापाकडून आलेला नसतो, जन्मानंतर कधीतरी एखाद्या पेशीत बदलतो. रक्तातून शोधायला गेलं तर तपासणी फार बारकाईची लागते, नाहीतर निसटतो. त्यावर बेतलेली औषधं आली ती आत्ताआत्ता, मिडोस्टॉरिन 2017 साली, ॲव्हाप्रिटिनिब त्यानंतर, तीही ज्यांचा रोग बळावलाय त्यांच्यासाठी आधी.

आंबेवाल्याचा सौम्य प्रकारातला निघाला. असे लोक बहुधा आयुष्य पुरं जगतात, फक्त जपून. त्याला खाजेच्या गोळ्या रोजच्या झाल्या, हाडांचं औषध सुरू झालं. कढत पाण्याची आंघोळ बंद, अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्याला रोगाचं नाव सांगायचं. खिशात चष्म्याच्या डबीत ॲड्रेनलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज. त्याच्या बायकोनं ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला कशी टोचायची ते संत्र्यावर शिकून घेतलं.

“आणि ते लक्षात ठेवायला सांगितलं होतंत ते?” मुक्ता. “गांध नव्हती ते?”

अरे हो. ओजसला चावली, हात सुजला, गांध आली, पण बाळ ठणठणीत. आंबेवाल्याला चावली, गांध नाही, सूज नाही, आणि नाडी गायब. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, ॲलर्जी म्हणजे अंगभर गांधी. ती दिसली नाही की ॲलर्जी नाही, दुसरीकडे बघा. पण माशी चावून माणूस गांधीशिवाय कोसळला, त्यातून तो पुरुष असला, तर सगळ्यात आधी मास्टोसायटोसिस मनात यायला हवा. तालुक्याला त्याच्या कागदावर ‘अंगावर पुरळ नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. उत्तर त्या ओळीतच होतं, आणि तीच ओळ वाचून त्याला हृदयवाल्यांकडे धाडलं होतं.

तेवढ्यात आजीनं ताटं घेतल्याची हाक मारली. मी उठलो, पण पोरं हलली नाहीत. मुक्तानं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं होतं. ओजसच्या दंडावर एक तीळ आहे. तिनं त्यावर उलट्या टोकानं पाच वेळा घासलं, मग शेजारी पाच वेळा घासलं, आणि दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

“काही होत नाहीये,” ओजस हिरमुसून म्हणाला.

“किती झाली?” मी विचारलं.

“दोन.”

“मग बसा अजून तीन,” मी म्हटलं, आणि आत जाऊन आजीला ताटं जरा झाकून ठेवायला सांगितलं.